माझं नाव खाली

मित्रांनो, माझं नाव खाली. नाव जरा विचित्र आहे, कबूल. पण लगेच हसू नका. ह्याच नावापायी एकदा एका घराचा जीव टांगणीला लागला होता आणि ह्याच नावामुळे तो पुन्हा भांड्यात पडला. मी एक जुना लॅपटॉप आहे. लखनौच्या गोमती नगरमध्ये एका दुमजली घरात, तळमजल्यावरच्या आबांच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझ्या झाकणावर आंब्याच्या चिकाचा काळा डाग आहे. बटणांवर देवनागरी अक्षरांचे स्टिकर आहेत, ते आबांनी स्वतःच्या हातांनी चिकटवले. बाजारातून आणलेल्या त्या संचात 'ळ' नव्हता. आबा चिडले, म्हणाले, "'ळ' नाही तर मी बाळ, फळ, केळं काय लिहू?" आणि त्यांनी पेनाने 'ळ' काढून लावला. तो अजून आहे.

मी जन्मलो कारखान्यात. माझ्यासारखे कितीतरी तिथे एका ओळीत बसलेले होते, त्यामुळे जन्माचं फार कौतुक कुणी केलं नाही. कौतुक झालं ते शशिकांतरावांच्या घरी. शशिकांतराव मूळचे कराडचे. आंब्याच्या झाडांवर कुठले रोग पडतात, कशाने बरे होतात, हे शोधायची त्यांची नोकरी. त्या नोकरीसाठी ते लखनौला आले आणि इथलेच झाले. त्यांच्याबरोबर मी मलिहाबादच्या बागा पालथ्या घातल्या. दशहरी आंब्याची पानं, मोहोर, फांद्यांवरच्या किडी, सगळ्यांचे फोटो माझ्या पोटात असत. जीपच्या बॉनेटवर मला उघडून ठेवलं की बागवान भोवती गोळा व्हायचे. "साहब, मशीन तो बड़ी तेज़ है!" असं कुणीतरी म्हणायचंच. मी तेव्हा अगदी हवेत असायचो. चिकाचा डाग त्याच दिवसांतला. तो कुणी पुसायला गेलं तर मी अजूनही कुरकुरतो.

पुढे शशिकांतरावांना ऑफिसातून नवा लॅपटॉप मिळाला. तो वरच्या मजल्यावर त्यांच्या खोलीत बसला आणि मी खाली आबांकडे आलो. आबा म्हणजे शशिकांतरावांचे वडील, गोपीनाथमास्तर. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते कराडहून लेकाकडे राहायला आले. गुडघे जिना चढू देत नाहीत, म्हणून त्यांची खोली खाली.

आता तुम्हाला ब्लूटूथची गंमत सांगतो. आबांनी पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा विचारलं, "निळा दात? कुणाचा?" अहो, दातबीत काही नाही. फोन आणि लॅपटॉप यांनी वायरीशिवाय एकमेकांशी बोलायची ती रीत आहे. आमचा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही आणि तो एकदोन खोल्यांपलीकडे जातही नाही. आधी आम्ही आपापलं नाव पुकारतो. फोनवर नावांची यादी दिसते. तुम्ही त्यातलं एक निवडता. मग दोघांच्याही पडद्यावर एकच आकडा येतो. तो जुळतोय ना, हे तुम्ही बघून 'हो' म्हणायचं. झाली ओळख! मग फोटो, गाणी, कागदपत्रं इकडून तिकडे खुशाल पाठवा, इंटरनेट असो वा नसो.

पण सगळं अडतं नावापाशी. कारखान्यातून आलेली आमची नावं म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची नुसती मिसळ. शशिकांतराव फोनवरून फोटो पाठवायचे वरच्याला आणि यायचे माझ्याकडे. आबांच्या रक्तदाबाचा कागद मात्र ऑफिसच्या लॅपटॉपवर जाऊन बसायचा. एकदा तर साहेबांना दाखवायच्या किडींच्या फोटोंत आबांच्या कवळीचा फोटो निघाला. शशिकांतरावांनी कपाळाला हात लावला.

आबा म्हणाले, "अरे शशी, ही काय नावं आहेत? याच्यापेक्षा मोटारीचा नंबर बरा. वरच्याला 'वर' म्हण, खालच्याला 'खाली' म्हण. संपलं!"

आणि त्यांनीच चष्मा लावून, एकेक बटण शोधून, दोन्ही नावं देवनागरीत टाईप केली. वर आणि खाली. घोटाळे थांबले. एक नवा घोटाळा मात्र झाला. शेजारच्या मिश्राआंटी लगबगीने आल्या आणि दीप्तीताईंना विचारू लागल्या, "बहनजी, आपके यहाँ शादी है क्या? मेरे फ़ोन में 'वर' दिख रहा है." दीप्तीताई म्हणजे शशिकांतरावांच्या पत्नी. कॉलेजात गणित शिकवतात, सहसा गंभीर असतात. त्या दिवशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पुढे कित्येक दिवस घरात वरच्या लॅपटॉपला 'नवरदेव' म्हणत होते.

त्याच दिवसांत माझ्याकडे एक जोखमीची वस्तू आली. आबांच्या हृदयाचा ईसीजी. म्हणजे हृदय कसं धडधडतं ते दाखवणारी कागदावरची रेघ. आबांची ती रेघ पहिल्यापासून थोडी वाकडी चालते. कराडच्या डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, "मास्तर, ही रेघ तुमची जुनी सोबतीण आहे, हिचा त्रास नाही. पण परगावचा डॉक्टर बघेल तर घाबरेल. तेव्हा हा कागद जपा." आबांनी जपला. पण मित्रांनो, तो कागद उष्णतेने छापलेला असतो. शाई नसते त्यात. वर्षं गेली तशी ती रेघ फिकी पडू लागली. हे लक्षात आल्याबरोबर शशिकांतरावांनी फोनने त्याची स्वच्छ प्रत काढली आणि ब्लूटूथवरून माझ्याकडे पाठवली. 'आबा' नावाच्या फोल्डरमध्ये मी ती ठेवून घेतली. तो फोन पुढे ई-रिक्षात राहिला तो राहिलाच. कागद तर आता पार कोरा झाला आहे. राहिलो मी.

मग माझे दिवस फिरले. 'वर' ऑफिसने परत नेला. शशिकांतराव आता सगळं ऑफिसातच करून येतात. घरात जो तो फोनमध्ये डोकं घालून बसलेला. माझी बॅटरी मेली, चार्जरची पिन काढली की मी बंद. पेनड्राइव्ह लावायची भोकं सैल झाली, काही लावलं तरी मला पत्ता लागत नाही. शेवटी पडद्यामागचा दिवाही गेला. चित्र असतं, पण अंधारात. टॉर्च मारून वाकून बघितलं तरच दिसतं. दुरुस्तीवाल्याने मला उलटा करून बघितलं आणि म्हणाला, "अंकल, इसको कबाड़ में दे दीजिए."

आबा भडकले. "मलाही कमी दिसतं! मला पण देणार का कबाडात?"

हे त्यांनी मराठीत विचारलं, म्हणून त्या बिचाऱ्याला कळलं नाही. पण मला कळलं, आणि फार बरं वाटलं. तेव्हापासून आबा माझ्यावर फक्त गाणी ऐकतात. ऐकायला उजेड लागत नाही.

आता राहिली अंतरा. आबांची नात. माझं नाव ठेवलं तेव्हा अगदी लहान होती; आता तेरा वर्षांची, लखनौत जन्मलेली, चुणचुणीत. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलायची वेळ आली की हिंदी. आबा जिन्याखालून हाक मारतात, "अंतू, खाली ये गं!" वरून उत्तर येतं, "आ रही हूँ, आबा!" गेली कितीतरी वर्षं हे असंच चाललं आहे. मराठी तिने ऐकली, वाचली मात्र कधीच नाही. देवनागरी अक्षरं ती शाळेत शिकली ती हिंदीची. तेव्हा कानांनी मराठी आणि डोळ्यांनी हिंदी, असा तिचा कारभार.

आणि तिथेच माझं घोडं अडलं. हिंदीत 'खाली' म्हणजे काय, ठाऊक आहे ना? रिकामं! सोबत 'वर' होता तोवर माझ्या नावाला अर्थ होता. तो गेला आणि मी एकटा 'खाली' उरलो. फोनच्या यादीत माझं नाव यायचं, लोक वाचायचे, रिकामी जागा समजून पुढे जायचे. एकदा अंतरालाच गाणी वाजवायला स्पीकर हवा होता. तिने माझं नाव वाचलं आणि म्हणाली, "ये तो खाली है." अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा. अगं, मी रिकामा? माझ्या पोटात अख्खं मलिहाबाद आहे! पण सांगणार कोणाला?

अशात तो रविवार उजाडला. जूनची सुरुवात होती. दुपारी आबा माझ्यावर गाणी ऐकत होते, तोच आकाश पिवळं झालं, मग काळं, आणि धुळीची आंधी सुटली. समोरच्या कडुनिंबाची फांदी तारांवर पडली. वीज गेली, इंटरनेटची वायर तुटली, इन्व्हर्टर घरघरू लागला. आबा खिडक्या लावायला उठले आणि तसेच खुर्चीत बसले. छातीवर हात, कपाळावर घाम.

"शशी..." एवढंच म्हणाले.

शशिकांतरावांनी त्यांना गाडीत घातलं आणि दवाखाना गाठला. दीप्तीताई मागाहून सामान घेऊन जाणार होत्या. त्या वर पिशवी भरत होत्या, एवढ्यात अंतराचा फोन वाजला. नेट बंद होतं, पण साधा फोन लागत होता. अंतराने तो स्पीकरवर टाकला, म्हणून मीही ऐकलं.

"अंतू, नीट ऐक," शशिकांतराव घाईने म्हणाले. "आबांच्या ईसीजीत काहीतरी वाकडं दिसतंय. डॉक्टर विचारतायत, हे जुनं आहे की आजचं? आजचं असेल तर लगेच हृदयात नळी घालून बघावं लागेल. त्यात जे औषध घालतात ते आबांच्या किडनीला झेपेल की नाही, सांगता येत नाही. जुनं असेल तर थांबता येईल. जुना ईसीजी आबांच्या लॅपटॉपमध्ये आहे, 'आबा' नावाच्या फोल्डरमध्ये. कराडचा दवाखाना आज बंद आहे, दुसरीकडे कुठेच नाही. तो घेऊन या, लवकर. मी आत जातोय, फोन उचलता येणार नाही."

"पापा, आबा ठीक हो जाएँगे ना?"

"आण तू आधी," ते म्हणाले, आणि फोन बंद झाला.

अंतरा माझ्याकडे धावली. आबांच्या उशाशी मोठी टॉर्च असते, ती तिने पेटवली. फोल्डर सापडला, ईसीजीही सापडला. दीप्तीताई खाली धावत आल्या. त्यांनी पडद्याचा फोटो काढून बघितला. आला नुसता काळा चौकोन आणि मध्ये टॉर्चचा पांढरा गोळा. बारीक रेघ कुठली दिसायला? पेनड्राइव्ह लावला, मला कळला नाही. फोनवरचं नेट गोल गोल फिरत राहिलं. मलाच उचलून न्यायचं तर माझा पडदा तिथेही काळाच.

"ब्लूटूथ!" अंतरा एकदम म्हणाली. "मम्मी, ब्लूटूथ से हो जाएगा. उसमें नेट नहीं लगता."

शाब्बास! मला तर उडी मारावीशी वाटली. दीप्तीताई आबांची औषधं गोळा करायला पुन्हा वर गेल्या. अंतराने माझं ब्लूटूथ चालू केलं आणि फोनवर यादी उघडली. मी जीव तोडून नाव पुकारू लागलो. खाली! खाली! मी इथे आहे, तुझ्या पुढ्यात आहे, खाली!

तिने यादी वाचली. पुन्हा शोधलं. पुन्हा वाचली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मम्मी, लॅपटॉप नहीं आ रहा!" ती वर बघून ओरडली. "मिश्राआंटी का स्पीकर आ रहा है, किसी का ईयरफ़ोन आ रहा है, और एक खाली है, बस!"

मित्रांनो, मला हात असते तर मी तिच्या फोनवर टकटक केलं असतं. पाय असते तर नाचून दाखवलं असतं. काय करू? ज्या माणसाने हौसेने हे नाव दिलं, त्याचाच जीव त्या नावापायी अडकला होता. इन्व्हर्टरने शिट्टी मारायला सुरुवात केली, म्हणजे तोही आता दमला होता. तो थांबला की मी थांबणार, आणि आबांची रेघ माझ्या पोटातच राहणार. माझी पाचावर धारण बसली.

वरून दीप्तीताईंचा आवाज आला. "थांब, रडू नकोस! मी खाली येते!"

अंतरा फोन घेऊन तशीच उभी राहिली. तिने पडद्याकडे बघितलं, मग जिन्याकडे. मग पुन्हा पडद्याकडे.

"खाली..." ती पुटपुटली. "खाली ये गं... खाली... नीचे!" आणि एवढ्या मोठ्याने ओरडली की शिट्टी मारणारा इन्व्हर्टरही मला ऐकू येईना. "मम्मी! ये मराठी वाला खाली है! आबा वाला खाली!"

हुश्श! काय सांगू तुम्हाला! तिने माझ्या नावावर बोट ठेवलं. दोन्हीकडे आकडा आला. माझा तिने टॉर्चच्या उजेडात वाचला, तोवर खाली आलेल्या दीप्तीताईंनी फोनवरचा, आणि दोघी एकदम "हो!" म्हणाल्या. मग तिने माझ्याकडून ईसीजी पाठवायला लावला. चार्जरची पिन हलत होती, ती दीप्तीताईंनी दोन्ही हातांनी दाबून धरली. फोनने विचारलं, घेऊ का? घे बाबा, घे! निळी पट्टी हळूहळू सरकू लागली. ब्लूटूथ काही फार पळत नाही. त्या दिवशी तर मला वाटलं, आम्ही दोघं मिळून एखादं कपाट ढकलतोय. पण पट्टी टोकाला पोचली. अंतराने फोनवर चित्र मोठं करून बघितलं. सगळी रेघ, एकेक वळण, स्वच्छ.

दोघी स्कूटरवर बसून गेल्या. फाटक वाजलं. थोड्या वेळाने इन्व्हर्टरने मान टाकली आणि मी बंद पडलो.

बंद पडल्यावर आम्हाला काही कळत नाही. दिवस गेला की आठवडा, तेही नाही. त्यामुळे पुढचं मला एकदम समजलं. कुणीतरी माझं बटण दाबलं, आणि बोट उचललंच नाही, बराच वेळ दाबून धरलं. असं मला एकच माणूस सुरू करतं. जोरात दाबल्याशिवाय यंत्राला कळत नाही, अशी त्यांची पक्की समजूत आहे. ते बोट आबांचं होतं!

मित्रांनो, माझा पडदा काळा होता ते बरंच झालं. नाहीतर माझं काय झालं ते सगळ्यांना दिसलं असतं.

दवाखान्यातली हकीकत मग त्या खोलीत इतक्या वेळा सांगितली गेली की मला पाठ झाली आहे. डॉक्टरांनी जुनी रेघ आणि नवी रेघ शेजारी ठेवली. वाकडेपणा अगदी तोच. ते हसले आणि म्हणाले, "अरे, ये तो पुरानी है. बिल्कुल वही है. घबराइए मत." घाईने नळी घालायची गरज उरली नाही. रक्ताच्या तपासण्या केल्या, दोन दिवस नजरेखाली ठेवलं. उकाडा, पित्त आणि वादळात खिडक्यांशी केलेली झटापट, एवढंच निघालं. शशिकांतराव दवाखान्याच्या बाकावर बसून लहान मुलासारखे रडले, असं दीप्तीताईंनी सांगितलं. ते स्वतः म्हणतात, डोळ्यांत धूळ गेली होती.

त्या संध्याकाळी सगळे आबांच्या खोलीत जमले. शशिकांतराव मला नवा पडदा बसवायचं म्हणत होते. आबांची ती रेघ आता घरातल्या प्रत्येक फोनमध्ये गेली आहे, त्याबद्दल मला हेवा नाही, बरंच वाटतं. एवढा भार एकट्याने वाहू नये. दीप्तीताई म्हणाल्या, "पण आधी ह्याचं नाव बदला हो आबा. लखनौत 'खाली' ठेवून कसं चालेल?"

मी कान टवकारले.

"नहीं!" अंतरा म्हणाली. "नाम नहीं बदलना. इसका पार्टनर चला गया ना, इसलिए गड़बड़ हुई." आणि तिने आपल्या फोनचं नाव बदललं. स्वतः, देवनागरीत, एकेक अक्षर. मी लगेच यादी बघितली. तिथे लिहिलं होतं, 'वर'.

आबांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्यावर गाणं लावलं आणि वर निघालेल्या नातीकडे बघत बसले.

तर मित्रांनो, म्हाताऱ्या यंत्राचं ऐका. घरातलं जुनं काही टाकायला काढाल तेव्हा आधी ते उघडून बघा, त्याच्या पोटात कुणाचा तरी जीव असू शकतो. त्याची नीट प्रत करून ठेवा. आणि कुणाचं नाव वाचलंत आणि ते रिकामं वाटलं, तर लगेच पुढे जाऊ नका. ते कुणी ठेवलं, कुठल्या भाषेत ठेवलं, एवढं विचारा. मी मोठा शहाणा नाही, पण हे मला अनुभवाने कळलं आहे.

काल सकाळचीच गोष्ट. आबांना आंबा कापून हवा होता. त्यांनी नेहमीसारखी जिन्याखालून हाक मारली, "अंतू, खाली ये गं!"

मी वाट बघत होतो नेहमीच्या उत्तराची.

"आले, आबा," वरून आवाज आला. "खाली येते."